घरामागचे तळे

ज्यांचे परसदार तळ्याला भिडले आहे त्यांचा हेवा कोणाला वाटणार नाही? गुरांना पाणी, भाजीच्या वाफ्यांना पाणी, सणावारी ताजी मासळी, आणि तिन्हीसांजेला पायरीवर बसले म्हणजे गार वारा. गोव्यात कुडतरीसारख्या गावी तर भाताचे पीकही तळ्यांवर अवलंबून. परंतु अलीकडे हेच काठचे लोक कुरकुर करताना आढळतात. उन्हाळ्यात पाणी हिरवे होते, त्यास वास येतो, जलपर्णी सगळीकडे पसरते, आणि एखाद्या पहाटे मासे तोंडे वर काढून तडफडताना दिसतात. मग कोणी म्हणतो, विष घातले. बहुधा विष कोणी घातलेले नसते. घातलेले असते ते खत, आणि तेही आपणच, नकळत.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एका लहानशा तळ्याच्या मध्यभागी पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन सोडले. एका भागात मात्र त्यांच्या जोडीला फॉस्फरसही सोडला. फॉस्फरस मिळालेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा झाला नाही. त्या तळ्याचे उंचावरून घेतलेले छायाचित्र पाहिले की व्याख्यानाची गरज उरत नाही.

हा फॉस्फरस आपल्या घरी कोठे असतो? शेणात, चुलीच्या राखेत, धुण्याच्या काही पावडरींत, मिश्र खतात आणि संडासाच्या टाकीतून झिरपणाऱ्या पाण्यात. शेतात तो लक्ष्मी, तळ्यात अवदसा. नदी त्यास वाहून नेते. तळे साठवून ठेवते. शेवाळ मरून तळाशी बसते, कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते, आणि प्राणवायू सरला म्हणजे गाळात दडलेला फॉस्फरस पुन्हा वर येतो. मासे पहाटेसच का तडफडतात? रात्री उजेड नसल्यामुळे शेवाळ प्राणवायू निर्माण करीत नाही, उलट असलेला वापरते.

म्हणून घरची मोरी तळ्याकडे उतरत असेल तर ती केळीच्या किंवा अळूच्या वाफ्यात वळवावी. केळीला ते पाणी मानवते. कपडे व भांडी काठावर धुऊ नयेत. उकिरडा काठापासून दूर असावा. पाऊस दाराशी आला असता शेतात खत फेकणे म्हणजे पैसे तळ्यात टाकणे. संडासाची टाकी भरून वाहीपर्यंत विसरून जाण्याची वस्तू नव्हे. ती दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी, आणि उपसलेला मळ रात्री गुपचूप तळ्यात जाणार नाही हे स्वतः उभे राहून पाहावे. असे घडते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

काही हौशी मंडळी काठ सिमेंटने बांधून काढतात. दिसायला नीटनेटके खरे, पण त्यावरून अंगणातील सारी घाण सरळ पाण्यात घसरते. त्यापेक्षा दहा-पंधरा पावले गवत व झुडपे वाढू द्यावीत. माती व शेण तेथेच अडतात. जलपर्णी उपसून काठावरच ढीग लावणे हीही फुकटची मेहनत. पहिल्या पावसात तिचा सारा रस तळ्यात परत जातो. ती दूर नेऊन खतासाठी कुजवावी.

“गावाचे गटार तळ्यात येते, माझ्या एका मोरीने काय होणार?” असे विचारणारा अगदीच चूक नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराजवळचे वॉशिंग्टन सरोवर असेच नासले होते. १९५८ साली तेथील नागरिकांनी मत देऊन त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी केली, १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरापासून दूर वळविले, आणि काही वर्षांतच पाणी निवळले. आपल्याकडेही पंचायतीपुढे जावेच लागेल. पण तेथे उभा राहणाऱ्याची स्वतःची मोरी तळ्यात उतरत असेल, तर त्याचे कोण ऐकणार?

मृगाची पहिली सर येईल तेव्हा छत्री घेऊन परसदारी उभे राहा, आणि अंगणातील पाणी कोठून वळून कोठे उतरते ते पाहा. केळीचा पहिला वाफा तेथेच खणावयाचा आहे.