लेबलवर नसलेली ताकद

फळांचा रस काढणाऱ्या कारखान्यांना 'पेक्टिनेक्स अल्ट्रा एसपी-एल' नवे नाही. गर सैल व्हावा, रस नितळ उतरावा, म्हणून ते विकत घेतले जाते. पण अ‍ॅस्परजिलस बुरशीपासून मिळणाऱ्या या एन्झाइमांच्या मिश्रणात पेक्टिनेजच्या जोडीला फ्रुक्टोसिलट्रान्सफरेजही असते. साखरेच्या दाट पाकात, ५०-६० टक्क्यांच्या, ते सुक्रोजमधला ग्लुकोज मोकळा सोडते आणि फ्रुक्टोज शेजारच्या सुक्रोजला जोडते. आधी केस्टोज, मग निस्टोज. हीच फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड्स, म्हणजे एफओएस. ती लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियाचे खाद्य होतात. जपानच्या मेइजी सेइका कंपनीने १९८४ पासून ती साखरेपासूनच व्यापारी प्रमाणावर बनवली. आपल्याकडे म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्येही यावर काम झाले आहे.

साखर कारखान्यातल्या आमच्या केमिस्ट मित्रांना हा विषय जवळचा वाटावा. इन्व्हर्शन, म्हणजे सुक्रोजचे फुटणे, टाळण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेलेली असतात. इथेही शत्रू तोच आहे. पाक पातळ असला तर फ्रुक्टोज साखरेऐवजी पाण्याला मिळते आणि हाती साधी इन्व्हर्ट साखर उरते.

मात्र नेहमीची साधने इथे दगा देतात. ५५ अंशांवर, साडेपाच पीएचला ठेवलेल्या पाकाचा ब्रिक्स तासातासाने पाहा. काटा जवळपास जागचा हलत नाही, कारण घन पदार्थ तेवढेच राहतात. लेन-आयनॉन चाचणीने रिड्युसिंग शुगर वाढलेली दिसते, पण ती जोडणीतून आली की फोडणीतून, हे कळत नाही. एचपीएलसी नसेल तर मोकळा ग्लुकोज आणि मोकळे फ्रुक्टोज वेगवेगळे मोजा. दोन्ही बरोबरीने वाढले तर साखर नुसती फुटते आहे. ग्लुकोज पुढे गेला, तर त्या फरकाइतके फ्रुक्टोज साखळीत गेले आहे.

कॅनवर छापलेले युनिट पेक्टिनेजचे असतात. ट्रान्सफरेजची हमी त्यात नाही, म्हणून प्रत्येक नव्या बॅचची आपण स्वतः चाचणी घेतलीच पाहिजे. शिवाय सुक्रोज संपत आले की हेच एन्झाइम केलेली साखळी तोडू लागते. वेळेवर तापवून ते थांबवले नाही तर कमावलेले हातचे जाते.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मोकळा ग्लुकोज एन्झाइमला अडवतो, त्यामुळे एफओएसचा उतारा ५५-६० टक्क्यांपाशी थबकतो. न शुद्ध केलेल्या पाकात एकूण साखरेच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा ग्लुकोज राहतो. क्रोमॅटोग्राफीने किंवा अन्य मार्गाने तो काढल्याशिवाय असा पाक 'मधुमेहींसाठी' म्हणून विकणे हा रुग्णाचा घात आहे. नफ्यासाठी ती वाट कोणी धरू नये.

पुढच्या गाळप हंगामाआधी एका बीकरपासून सुरुवात करा. नोंदवहीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन रकाने आखा. दुसरा रकाना चढू लागेल, तेव्हा थांबायची वेळ झाली.