किनाऱ्याचे राखणदार कोण?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून काही अंतरावर, पॅसिफिक महासागरात हैदा ग्वाई हा द्वीपसमूह आहे. त्याच्या दक्षिणेकडील ग्वाई हानास या संरक्षित प्रदेशात लहानमोठी १३८ बेटे आहेत, पण रस्ता एकही नाही. तेथे जावयाचे ते बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. उन्हाळ्यात काही प्रवासी वाटाड्यासह कयाक या अरुंद वल्ह्याच्या होडीतून अनेक दिवस हा किनारा पाहतात. भरती-ओहोटी साधून वल्हवावे, सायंकाळी तंबू ठोकावा, सकाळी पुन्हा निघावे. वरकरणी ही सुखवस्तू माणसांची हौस आहे. परंतु या हौशीला ज्या व्यवस्थेने आवर घातला आहे, ती विचारात घेण्याजोगी आहे.

येथे येणाऱ्या प्रवाशाला आधी नियमांची माहिती घ्यावीच लागते. हैदा लोकांच्या जुन्या गावठाणांवर उन्हाळाभर त्यांच्यातीलच राखणदार वास्तव्य करतात. त्यांच्या संमतीवाचून किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नाही आणि एका गावठाणात एका वेळी बारांहून अधिक पाहुणे उतरू शकत नाहीत. देवदारूचे कोरीव स्तंभ जेथे आजही उभे आहेत, त्या स्गांग ग्वाई या स्थळास १९८१ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यालाही हाच नियम लागू आहे.

ही व्यवस्था सरकारी औदार्यातून आलेली नाही. १९८५ साली लायल बेटावरील वृक्षतोड रोखण्यासाठी हैदा लोकांनी रस्ता अडविला. त्यात ७२ जणांना अटक झाली आणि वृद्धांनीही ती पत्करली. १९९३ च्या करारात जमीन कोणाची, हा वाद दोन्ही पक्षांनी मिटविला नाही. आपापला दावा कायम ठेवून त्यांनी एकत्र कारभार करण्याचे मान्य केले. व्यवस्थापन मंडळात कॅनडा सरकार आणि हैदा यांचे प्रतिनिधी समसमान आहेत. पुढे २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हैदा ग्वाईवरील हैदांचा मूलाधिकारही मान्य केला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वाटाड्यासह केलेली अशी सफर महाग असते. तेव्हा संरक्षणाच्या नावाखाली हा किनारा श्रीमंतांसाठी राखून ठेवला गेला, असे का म्हणू नये? पण येथे दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. गर्दी रोखली आहे ती संख्येच्या मर्यादेने, भाडे वाढवून नव्हे. केवळ किमतीवर विसंबले असते, तर पैसेवाल्यांची संख्या वाढताच किनाऱ्यावरील भारही वाढला असता. उरतो न्यायाचा प्रश्न. मर्यादित जागांतून होणारा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि मर्यादा ठरविताना कोणाचे मत घेतले जाते, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे प्रतिपादिले की, सर्वांची असलेली संपत्ती अखेर सर्वांच्या हातून नष्ट होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील उदाहरणे तपासून दाखविले की, उपभोक्त्यांना नियम घडविण्याचा व ते पाळवून घेण्याचा अधिकार असेल, तर हा विनाश अटळ नसतो. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना याच कार्यासाठी मिळाले.

महाराष्ट्राला या विषयाशी कर्तव्य नाही, असे समजण्याचे कारण नाही. १९८७ साली मालवण येथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले आणि मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. दरम्यान त्याच किनाऱ्यावर पाण्याखालील सफरी व जलक्रीडा यांचा व्यवसाय फोफावला. कोकणची लोकसंख्या आणि मासेमारीवरील तिचे अवलंबित्व पाहता हैदा ग्वाईची नक्कल येथे चालणार नाही, हे खरे. परंतु ज्याचे पोट समुद्रावर आहे, त्याला बंधने तेवढी द्यावयाची आणि कारभारात स्थान द्यावयाचे नाही, हा व्यवहार कोणत्याही किनाऱ्यावर टिकणारा नाही. मच्छीमाराला राखणदाराचा मान आणि उत्पन्नातील वाटा मिळाला, तर अधिसूचनेतील रेषा त्याला आपली वाटेल. तोवर ती नकाशावरच राहील.