कागदावरचे टन

प्लास्टिक पुनर्चक्रीकरणाची सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे निघाली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2023 मधल्या तपासणीत ते उघड झाले. ती काढणारे प्रक्रियादार गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले. चर्चा झाली ती त्यांच्या लबाडीची आणि दंडाची. मुळात जे प्लास्टिक कुणी वेचलेच नाही, त्याचे प्रमाणपत्र निघू कसे शकते, हे विचारायचे राहून गेले.

प्रमाणपत्र कुठे जन्म घेते ते पाहा. प्रक्रिया करणारा कारखाना केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर वजन भरतो. त्यावर प्रमाणपत्र मिळते. प्लास्टिकच्या वेष्टनातून माल विकणारी कंपनी ते विकत घेते आणि तिची ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ पुरी होते. पण माल कारखान्याच्या फाटकाशी आपोआप येत नाही. कुणीतरी तो ओल्या कचऱ्यातून उपसलेला असतो. बाटली वेगळी, दुधाची पिशवी वेगळी, डबे-बरण्या वेगळ्या, अशी निवड केलेली असते. भंगाराच्या दुकानात गोणी काट्यावर चढते. या मालाचे खरे वजन पहिल्यांदा होते ते तिथे. प्रमाणपत्राला मात्र त्या काट्याचा पत्ता नाही.

ही नजरचूक मानायला मी तयार नाही. या जबाबदारीच्या 16 फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदणी कुणाकुणाची, हे नीट लिहिले आहे. उत्पादक, आयातदार, ब्रँडमालक, प्रक्रियादार. कचरावेचक त्या यादीत नाहीत. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 2 मार्चला, नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने प्लास्टिक कराराचा ठराव एकमताने संमत केला. असंघटित आणि सहकारी पद्धतीने काम करणारे कामगार प्लास्टिक गोळा करतात, निवडतात, त्यांचे योगदान मोठे आहे, अशी कबुली त्या ठरावात आहे. भारत त्या एकमतात होता. नैरोबीत जे मान्य केले त्याला दिल्लीच्या पोर्टलवर जागा का नाही?

असंघटित साखळीचा हिशेब ठेवता येत नाही, हे नेहमीचे उत्तर. पुण्याने ते केव्हाच खोडून काढले आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेची स्थापना 1993 ची. पुढच्या दोन-तीन वर्षांतच पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांवर मान्यतेची मोहोर उमटवली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. माणसे ओळखीची आहेत, संघटना आहे, करार आहे. दक्षिण आफ्रिकेने तर 2021 च्या नियमांत उत्पादकांवर थेट बंधन घातले, की नोंदणीकृत कचरावेचकांना संकलनाचा मोबदला द्यायचा. तिथला अनुभव काही असो, नियमात ही माणसे आहेत.

आता उद्योगाचीच अडचण झाली आहे. 2025-26 पासून कडक प्लास्टिकच्या वेष्टनात 30 टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक वापरण्याचे बंधन आले. 2028-29 पर्यंत ते 60 टक्क्यांवर न्यायचे आहे. युरोपात माल पाठवणाऱ्यांपुढे 2030 पासून तिथल्या अशाच अटी आहेत. बाटली घडवायला प्लास्टिकचा दाणा लागतो, आणि चांगला दाणा हवा तर स्वच्छ, नीट निवडलेला माल लागतो. बनावट प्रमाणपत्र वितळवून त्यातून बाटली निघत नाही. तो माल ज्या हातांतून येतो, त्या हातांना आजही फक्त भंगाराचा भाव मिळतो. तेलाच्या किमती उतरल्या आणि नवा दाणा स्वस्त झाला, की तो भावही पडतो. चिप्सच्या पाकिटांना तर बहुतेक ठिकाणी भावच नाही, म्हणून ती उचलली जात नाहीत. त्याच पाकिटांची जबाबदारी कंपनीच्या वार्षिक अहवालात मात्र पूर्ण झालेली दिसते.

प्रमाणपत्राच्या किमतीतला वाटा संकलनापर्यंत पोचला, तर हे पाकीटही उचलण्याजोगे होईल. त्यासाठी नवा कायदा नको. पोर्टलवर दोन नोंदी सक्तीच्या करा: माल कुणाकडून घेतला आणि वेचणाऱ्याला किलोमागे किती दिले. वेचणाऱ्यांच्या संघटनांकडे सभासदांची यादी असते, दुकानात काटा असतो. या दोन नोंदी कारखान्याच्या आकड्याशी जुळल्याशिवाय प्रमाणपत्र निघता कामा नये. केंद्रीय मंडळाने ही अट पुढच्या आर्थिक वर्षापासून लावावी. वेष्टन-उद्योगाच्या संघटनांनी तिला विरोध केला, तर कोणत्या कारणाने, ते त्यांनी जाहीरपणे सांगावे.