ज्यांचा मोर्चा निघत नाही

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरले, की या शहराचे रस्ते म्हणजे महाराष्ट्राच्या दुःखांची चालती-बोलती जंत्री बनतात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून एका अधिवेशनाचे जे आश्वासन दिले, त्याचा खराखुरा लाभ कोणी घेतला असेल, तर तो मोर्चेकऱ्यांनी. अंगणवाडी सेविका येतात, विनाअनुदानित शाळांतील शिक्षक येतात, कापूस पिकविणारे शेतकरी येतात. यशवंत स्टेडियमपाशी घोषणा घुमतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांचे कठडे लागतात, कोणी मंत्री निवेदन स्वीकारतो आणि आश्वासन देतो. ही आश्वासने किती पाळली जातात, हा प्रश्न वेगळा. परंतु मागणारा आहे, मागणी आहे आणि ती ऐकून घेणारे सरकार समोर आहे, एवढे तरी तेथे दिसते. या गर्दीत मनोरुग्णांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा मोर्चा मात्र सहसा दिसत नाही.

याचे कारण उघड आहे. ज्याला दुखणे आहे त्याला ते सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येते त्याला ते लपवावेसे वाटते. घरात उपवर मुलगी असेल, धाकट्या भावाची नोकरी व्हावयाची असेल, तर थोरल्याच्या आजाराचा उच्चार शेजाऱ्यापाशीही होत नाही. क्षयाचे आणि कर्करोगाचे नाव आता लोक निःसंकोच घेतात. मनाच्या आजाराचे नाव घेताना अद्याप आवाज खाली येतो. राजकारण चालते ते डोकी मोजून. जी डोकी मोजणीस उभी राहत नाहीत त्यांची कदर राजकीय पक्षांनी करावी, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. उलट, प्रतिपक्षाच्या पुढाऱ्याला ‘वेड्यांच्या इस्पितळात पाठवा’ असे सभेत सांगितले, की हमखास टाळ्या पडतात. आमच्या राजकारणात मनोरुग्णालयाचा उल्लेख होतो तो बहुधा एवढ्यापुरताच.

हे दुःख अपवादात्मक असते, तर या उपेक्षेचे एक वेळ समर्थन करता आले असते. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के, म्हणजे दर दहांत एकाहून थोडे अधिक लोक, कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्या वेळी ग्रस्त होते, असे तीत आढळले. त्यांतील बहुसंख्यांना कसलाही उपचार मिळत नव्हता. विकाराच्या प्रकारानुसार उपचारावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या लाख लोकवस्तीमागे एकही पुरती नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत २२,७४६ महाराष्ट्रातील होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. प्रत्येक आत्महत्येमागे मनोविकारच असतो असे कोणी म्हणणार नाही. तथापि वेळेवर भेटलेला एक जाणता माणूस यांतील अनेकांचे पाऊल मागे घेऊ शकला असता, हेही तितकेच खरे.

नागपूरकरांना हा प्रश्न परका नाही. मध्य प्रांताची स्थापना १८६१ ची. तिच्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८६४ साली, येथे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. आजचे छिंदवाडा मार्गावरील प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. पुणे, ठाणे व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्याची जी चार मोठी मनोरुग्णालये, त्यांत याची गणना होते. ९४० खाटांच्या या रुग्णालयाकडे साऱ्या विदर्भाची नजर असते, आणि तरीही त्याच्या आसपासच्या चौकाला गावकरी अजून ‘पागलखाना चौक’ म्हणूनच ओळखतात. दीडशे वर्षांत शास्त्र बदलले, औषधे बदलली, कायदे बदलले. चौकाचे नाव मात्र लोकांच्या तोंडून गेले नाही. भिंतीआडचा माणूस बरा होऊन परत येतो, यावरच ज्या समाजाचा विश्वास नाही, तो समाज त्याला परत घेईल तरी कसा?

कायद्याची उणीव आहे, असे म्हणण्याची सोय मात्र आता उरलेली नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. परवडणारा व दर्जेदार मानसोपचार सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे तो म्हणतो. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास तो मनाई करतो. घरच्यांनी नाकारले किंवा घरच नाही, एवढ्याच कारणास्तव बऱ्या झालेल्या माणसाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, हेही तो सांगतो. २००१ च्या ऑगस्टात तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेले २८ रुग्ण जळून मेले. त्या राखेतून देशाची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असे मानले, तर हा कायदा तिचे उशिरा आलेले फळ होय. आत्महत्येचा प्रयत्न करणारा गुन्हेगार नसून असह्य ताणाखालील माणूस आहे, हे तत्त्वही या कायद्याने प्रथम स्वीकारले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर सरकारी नोकरावर दडपण आणण्याचा हेतू असल्यावाचून असा प्रयत्न गुन्हाच राहिलेला नाही.

कायदा असा उदार, आणि तिजोरी मात्र आखडलेली. केंद्राच्या आरोग्यखात्याच्या तरतुदीत मानसिक आरोग्याचा वाटा गेली कित्येक वर्षे एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत आहे. राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. कार्यक्रमांना वये झाली, पण त्यांना बळ आले नाही. ते बळ विधिमंडळात भांडल्यावाचून येत नाही, आणि भांडणारा पक्ष नाही, अशी ही गाठ आहे.

मग या एका प्रश्नासाठी एखादा लहानसा पक्ष उभा राहिला तर? शहाणी माणसे हसतील. अशा पक्षाच्या उमेदवारांच्या अनामत रकमा जप्त होतील, हे भविष्य वर्तविण्यास ज्योतिषी नको. परंतु लहान पक्षाचे यश जागांच्या गणतीत शोधणे हीच मुळात चूक आहे. राज्य करणे हे मोठ्या पक्षांचे काम. मोठ्या पक्षांना जे करावेसे वाटत नाही ते त्यांच्याकडून करवून घेणे, हे लहान पक्षाचे काम. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि १९५७ साली रिपब्लिकन पक्ष ज्या शहरात जन्मास आले, त्या नागपूरला हे निराळे सांगावयास नको. त्याही आधी डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधानसभेत खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले. सभागृहात बळ थोडे होते, म्हणून विधेयक मंजूर झाले नाही. पण जो प्रश्न कोकणच्या कुळांच्या ओटीवर कुजत होता, तो सभागृहाच्या दप्तरात गेला, आणि १९४९ साली खोती कायद्याने रद्द करण्याची पाळी काँग्रेसच्याच सरकारावर आली.

मानसिक आरोग्याच्या बाबतीतही असे घडलेले आहे. इटलीत १९७६ च्या निवडणुकीत रॅडिकल पक्षाला एक टक्क्याहून थोडी अधिक मते आणि चार जागा मिळाल्या. १९०४ च्या जुन्या वेड्यांच्या कायद्यावर सार्वमत घ्यावे, यासाठी त्या पक्षाने संविधानाने मागितलेल्या पाच लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. फ्रँको बसालिया या मनोवैद्याने गोरित्सिया व त्रिएस्त येथे रुग्णालयांची कुलुपे उघडून दाखविली होती, पण संसद हलत नव्हती. सार्वमताचे संकट दारात येताच ती हलली, आणि १३ मे १९७८ रोजी कायदा क्रमांक १८० मंजूर होऊन नवी वेड्यांची इस्पितळे बांधण्यास बंदी झाली. ब्रिटनमध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्ष संयुक्त सरकारात धाकटा भागीदार होता. मनाच्या आजारावरील उपचार किती आठवड्यांच्या आत सुरू झाले पाहिजेत, याच्या मुदती त्याच्या पुढाकाराने २०१४ साली प्रथमच जाहीर झाल्या. पुढल्याच वर्षी त्या पक्षाच्या जागा ५७ वरून ८ वर आल्या. मतदाराने पक्षाला घरी पाठविले, पण ते तत्त्व घरी गेले नाही.

येथे एक आक्षेप विदर्भातून येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कापसाला भाव मागणाऱ्या शेतकऱ्याला तुम्ही समुपदेशन देणार काय? कर्ज, नापिकी, सावकार यांनी पिचलेल्या माणसाचे दुःख मनोविकाराच्या खात्यावर टाकले, की सरकारची जबाबदारी संपली, अशी ही पळवाट होईल, ही शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर उपचार नाकारण्यात नाही. विषमज्वर गढूळ पाण्याने होतो, म्हणून रुग्णाला औषध न देता नळयोजनेची वाट पाहण्यास कोणी सांगत नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत उदासीनतेने ग्रासलेल्यांपर्यंत पोचावे, ही त्याची रीत. अठरा महिन्यांत उपचारापर्यंत पोचणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कापसाचा भाव त्या गावांत कोणी वाढवून दिला नव्हता. भाव हवाच, पण भाव मिळेपर्यंत माणूसही जगला पाहिजे. या दोन्ही मागण्या एका मुखाने मांडणे हे डॉक्टरांच्या संघटनेला जमणारे नाही. ते राजकीय पक्षाचेच काम आहे.

इटलीच्या उदाहरणातील इशाराही विसरून चालणार नाही. कायदा झाला, पण वस्तीतल्या सेवा सर्व प्रांतांत सारख्या उभ्या राहिल्या नाहीत. जेथे त्या झाल्या नाहीत तेथे सारा भार बायाबापड्यांवर, वृद्ध आईबापांवर पडला. भिंती पाडण्याची घोषणा स्वस्त असते. भिंतीबाहेर औषध, निवारा आणि रोजगार देण्यास पैसा लागतो. म्हणून असा पक्ष निघो, किंवा आहेत त्या पक्षांपैकी एखाद्याला सुबुद्धी होवो, त्याची मागणी हिशेबी असली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मनोविकारावरील औषधे बारमाही मिळावीत. ‘विश्राम’च्या धर्तीवर गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिक्षण आणि मानधन द्यावे. बऱ्या झालेल्यांसाठी नागपुरात व प्रत्येक जिल्ह्यात निवाऱ्याची घरे असावीत. मेडिकल व मेयोतून दरवर्षी किती मनोवैद्य बाहेर पडतात आणि त्यांतील किती विदर्भात राहतात, याचा जाब सरकारने द्यावा. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो निदान प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा, यास तर काही कोटी लागत नाहीत.

आणखी एक मागणी पैशाची नाही, न्यायाची आहे. सक्षम न्यायालयाने विकृतचित्त ठरविलेल्या माणसाचेच नाव मतदारयादीतून वगळता येते. केवळ रुग्णालयात आहे म्हणून कोणाचे मत हिरावले जात नाही. चेन्नईच्या किलपॉक येथील मानसिक आरोग्य संस्थेत २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान केंद्र उघडले गेले आणि तेथील रुग्णांनी मतदान केले. हे जेथे जेथे होईल, तेथे तेथे उमेदवाराला एकदा तरी रुग्णालयाच्या आत पाऊल टाकावे लागेल. मोजणीस उभे न राहणारे डोके मोजले जाऊ लागेल.

२०१७ च्या कायद्याने सरकारांना एक मुदत घालून दिली आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांइतके मानसोपचारतज्ज्ञ व कर्मचारी कायदा अमलात आल्यापासून दहा वर्षांत उपलब्ध करण्याचे प्रयत्न त्यांनी करावयाचे आहेत. ही मुदत मे २०२८ मध्ये संपते. त्या दिवशी नागपुरात कोणी मोर्चा काढील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण त्यापूर्वीच्या प्रत्येक अधिवेशनात एका तरी आमदाराने उठून ‘काम कोठवर आले?’ एवढा एक प्रश्न विचारावा. तो कोणत्या पक्षाचा आहे, हे आम्ही पाहणार नाही. आणि असा एकही निघाला नाही, तर त्यासाठी नवा पक्ष काढणाऱ्यास हसण्याचा अधिकार जुन्या पक्षांपैकी कोणासही राहणार नाही.