मार्गदर्शक शिक्षकाची वही
महाविद्यालयात प्रत्येक शिक्षकाकडे काही विद्यार्थी सोपवून त्यांच्या अभ्यासाची काळजी वाहण्याच्या पद्धतीला ‘मेंटॉर-मेंटी’ योजना म्हणतात; महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही तिची दखल घेतली जाते. सोलापुरात तिची निकड जास्त आहे. २००४ साली स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव लाभलेल्या इथल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र या एकाच जिल्ह्यापुरते आहे. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांतली, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, कुटुंबात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुलेमुली शहरातल्या वर्गांत असतात. मेजर, मायनर, श्रेयांक ही भानगड त्यांना घरी कोण समजावणार? २०२०च्या शैक्षणिक धोरणाने निवडीची मुभा वाढवली, तसा चुकीच्या निवडीचा धोकाही वाढवला. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, पण त्यासाठी जादा श्रेयांक लागतात. हे उशिरा कळले तर प्रमाणपत्र पदरात पडत नाही. अशा गोष्टींवर नजर राहावी म्हणून मार्गदर्शक शिक्षकाच्या वहीत हजेरी, राहिलेले विषय, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा नोंदी असतात. तपासणीपुरत्या भरलेल्या नोंदींचा विद्यार्थ्याला काडीचा उपयोग नाही. हजेरी घसरताच शिक्षकाने बोलावून विचारले, तर कारण बरेचदा अभ्यासाबाहेरचे निघते: कामाची पाळी, घरचे आजारपण, थकलेली फी. ते वेळीच कळले तर एटीकेटीचे, म्हणजे मागे राहिलेले, विषय सोडवण्याचा क्रम लावून देता येतो, शिष्यवृत्तीची मुदत साधता येते, आणि परीक्षेचा अर्ज न भरताच होणारी गळती थांबवता येते.