कुठे घालणार?

आपल्याकडे 'गाऊन' या शब्दाचा अर्थ केव्हाच ठरून गेला आहे. फुलाफुलांच्या सुती कापडाचा, गळ्याशी दोन बटणं असलेला, आणि दारात कुणी आलं की वरून ओढणी घेतली म्हणजे सभ्य होणारा. त्यामुळे मी गाऊन शिवते आहे हे ऐकून कुणालाच काही वाटलं नाही. "माझ्यासाठीही एक शीव," एवढंच शेजारच्या काकू म्हणाल्या. पण हा गाऊन १९०५ सालच्या इंग्लंडातल्या रात्रीच्या मेजवानीचा आहे, त्याचा घोळ मागे जमिनीवर लोळणार आहे आणि आतल्या बॉडीत बारा काड्या आहेत, हे कळल्यावर मात्र घरादाराने एकच प्रश्न विचारला : "अगं, पण कुठे घालणार?"

या प्रश्नाशी माझं भांडण आहे आणि ते मी आज चारचौघांत करणार आहे.

दर रविवारी पहाटे उठून सिंहगड चढणारे गृहस्थ वर जातात, पिठलं-भाकरी खातात, दही खातात आणि खाली येतात. 'गड कुठे ठेवणार?' असं त्यांना कुणी विचारत नाही. आमचे हे गेली तीस वर्षं पोस्टाची तिकिटं जमवताहेत. त्यांतलं एकही लावून त्यांनी कुणाला पत्र धाडलेलं नाही. त्याला छंद म्हणतात. बाईने सुई हातात घेतली की मात्र, "वेळ जात नाही वाटतं हल्ली?"

आता हे काम काय आहे ते जरा ऐका. सातवा एडवर्ड गादीवर होता १९०१ ते १९१० या काळात. त्या वेळच्या श्रीमंत बायका दिवसा हनुवटीपर्यंत गळा बंद ठेवत आणि रात्रीच्या मेजवानीला गळा इतका उतरवत, की दिवसाची सगळी कसर भरून निघे. (हातमोजे मात्र कोपरापर्यंत. सभ्यता कुठेतरी हवीच.) बाहेरून पाहिलं तर शिफॉन, जाळी आणि लेस यांचा नुसता ढग. आत मात्र पूल बांधल्यासारखं काम! आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना, मग अस्तराची घट्ट बॉडी, तिच्या शिवणींवर काड्या. कमरेला आतून एक जाड पट्टा. तो आधी हुकाने आवळायचा, म्हणजे बॉडी जागची हलत नाही. एवढं झाल्यावर तो ढग वरून हाताने टाचायचा. घागरा कळ्यांचा. वर निमुळती, खाली पसरट कळी म्हणजे काय, हे ज्यांनी परकर शिवलाय त्यांना सांगायला नको. घोळाच्या आत आणखी एक झालर, कारण जमीन झाडायचं काम ती करते. मळली की तेवढीच काढायची!

त्या काळी चांगल्या काड्या म्हणजे देवमाशाच्या तोंडातल्या गाळणीच्या पट्ट्या. मी हार्डवेअरच्या दुकानातून वायरी बांधायचे रुंद केबल-टाय आणले. "घरी वायरिंग काढलंय का ताई?" दुकानदाराने विचारलं. मी 'हो' म्हटलं. तोही 'कुठे घालणार?' विचारील ही धास्ती होती.

भाची म्हणाली, "मावशी, एवढे हुक कशाला? सरळ चेन लाव." अगं, बायकांच्या पोशाखात चेन रुळली ती १९३०च्या दशकात. एडवर्डच्या राज्यात पाठीला हुकच. मी एकतीस लावले, हाताने.

मग आले आमच्या ह्यांचे एक विचारवंत स्नेही. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, हा तर बायकांना जखडणारा पोशाख!" कॉर्सेटबद्दल बोलत होते. भावजी, कॉर्सेट होतं, आवळतही होतं. पण बारीक कंबरेचं निम्मं गणित डोळ्यांना फसवण्याचं असे. वर झालरी, खाली नितंबांवर गाद्या, मग मधली कंबर आपोआप बारीक. आणि तुमची लेक जी जीन्स पलंगावर आडवं पडल्याशिवाय चढवू शकत नाही, तिला स्वातंत्र्य म्हणायचं का?

पण माझा खरा राग वेगळाच आहे. हे सगळे गाऊन घालणारीच्या कंबरेसाठी हळहळतात. शिवणारीच्या डोळ्यांसाठी कुणी हळहळतं का? १९०६ साली लंडनमध्ये 'डेली न्यूज' या वृत्तपत्राने कवडीमोलाने राबणाऱ्यांच्या कामाचं प्रदर्शनच भरवलं होतं. १९०९ साली किमान मजुरी ठरवणाऱ्या मंडळांचा कायदा आला. तो आधी ज्या चार धंद्यांना लागू झाला, त्यांत तयार कपड्यांचं शिवणकाम होतं आणि लेसची शेवटची सफाईही होती. म्हणजे ज्या लेसचा तो ढग, ती साफ करणाऱ्या हातांना पोटापुरतं मिळत नव्हतं. कंबर आवळलेली असेल, पण पोट रिकामं होतं ते दुसऱ्याच बाईचं!

दुसरे एक गृहस्थ देशभक्त निघाले. "शेवटी इंग्रजांचाच पोशाख ना?" त्यांना मी दिल्लीला नेते. १९०३ साली एडवर्डच्या राज्यारोहणाच्या दरबारात व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी मोराच्या पिसांचा गाऊन घातला होता. वजन सुमारे साडेचार किलो. शिवला पॅरिसच्या वर्थ या पेढीने. पण त्याच्यावरची जरदोजी झाली आपल्याकडे. एकेका पिसाच्या डोळ्यात भुंगेऱ्याच्या पंखाचं हिरवं चकचकीत कवच बसवलेलं! आज तो इंग्लंडात केडलस्टन हॉलमध्ये आहे. त्याला ओळखतात लेडी कर्झनच्या नावाने. शिंप्याचं नाव म्हणून वर्थ. आणि कारचोबावर वाकून एकेक पीस भरणारा? तो झाला 'हिंदी कारागीर'. जसा आपला 'ब्लाउजवाला'.

आपण तरी काय वेगळं करतो? साडी हजारोंची घेताना चेहऱ्यावर सुरकुती पडत नाही. ब्लाउजच्या शिलाईत पन्नास रुपये वाढले की मात्र, "काय हो मास्तर, लुटायला बसलात का?" कापडाला किंमत आहे, टाक्याला नाही. बाजारात असा गाऊन याहून स्वस्त मिळतो, असं ऐकवणारेही भेटले. मिळत असेल. तो इतका स्वस्त का मिळतो, हा प्रश्न त्यांना पडत नाही. 'कुठे घालणार?' एवढाच पडतो.

वर्थचं नाव कमरेच्या आतल्या पट्ट्यावर विणलेलं असे. मी माझं नाव माझ्या पट्ट्यावर साखळीटाक्याने भरलं आहे, लाल दोऱ्याने, आडनावासकट. आता गाऊन कपाटात टांगलेला आहे. कुठे घालणार ते अजून ठरलेलं नाही. परवा मास्तरांकडे ब्लाउज टाकायला गेले, तेव्हा शिलाईवरून एक शब्द बोलले नाही. नाव मात्र विचारून आले. तुम्हीही विचारून पाहा.