एकदम पेंटिंग!

ऑफिसात माझ्या शेजारच्या मॉनिटरवर रेवदंड्याचा वॉलपेपर आहे. कुंडलिकेच्या मुखाशी मावळतीचं ऊन, तुटकी तटबंदी, मागे नारळी, आणि दगडांना कवटाळून बसलेल्या वडाच्या मुळ्या. जो तो थांबून म्हणतो, "काय रे, एकदम पेंटिंग!" माझं डोकं फिरतं ते इथेच.

पेंटिंगच आहे ते, पण नजर उसनी आहे. पाण्याकाठची पडझड बघून हळवं व्हायचं हे वळण आपल्याला इंग्रजांनी लावलं. तिकडे वाय नदीकाठी टिंटर्नचा पडका मठ आहे. टर्नरने १७९४ च्या सुमारास त्याची जलरंगातली चित्रं केली, कमानींवर चढलेल्या वेलींसकट. सुंदरच आहेत, नाही कोण म्हणतंय? पण त्याआधी १७७० साली विल्यम गिल्पिन नावाचा पाद्री तिथे जाऊन आला होता. 'चित्रासारखं दृश्य' कशाला म्हणायचं याचे धडे देणारा हाच तो. १७८२ साली छापलेल्या पुस्तकात म्हणतो, मठाच्या भिंतींची त्रिकोणी टोकं फार नीटनेटकी आहेत, डोळ्यांना खुपतात, कुणी हातोड्याने बेताने फोडली तर बरं! (पण ही हिंमत करणार कोण, असंही विचारतो.) त्याच मठात भिकारी राहत होते. एक लुळी बाई ग्रंथालय दाखवते म्हणून त्याला घेऊन गेली, ते निघालं तिचंच ओलं खोपट. हे त्याने लिहून ठेवलंय, एवढं त्याचं श्रेय. चित्रांत मात्र माणसं असतात ती भिंत किती उंच ते कळावं म्हणून, बोटभर.

हीच नजर घेऊन थॉमस आणि विल्यम डॅनिएल १७९३ मध्ये मुंबईला आले, घारापुरीही बघून गेले. आता कॅमेरे आहेत, इतकाच फरक.

आता रेवदंडा बघा. पोर्तुगीजांनी १५२० च्या दशकात इथे किल्ला बांधला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. ज्याला आपण 'सातखणी बुरूज' म्हणतो तो मुळात बुरूज नाहीच, फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाचा मनोरा. सगळे खण आता उरलेले नाहीत. पण ओसाड कुठाय? तटाच्या आत घरं आहेत, नारळी-सुपारीच्या वाड्या आहेत, अलिबागहून येणारा रस्ता तटातूनच आत शिरतो. खाडीपलीकडे कोर्लईत तर पोर्तुगीजपासून झालेली बोली आजही घरात बोलतात. शब्द पोर्तुगीज, वाक्याची मांडणी मराठीसारखी. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. वॉलपेपरमध्ये यातलं काही येत नाही, येणारही नाही.

आणि त्या मुळ्या! गिल्पिनला हातोडा मारायला माणूस हवा होता, आपल्याकडे ते काम वड-पिंपळ फुकटात करतात. रोप बोटाएवढं असतं तेव्हा उपटलं तर उपटलं. नंतर मूळ चिऱ्यांच्या सांध्यात शिरतं, जाड होतं, आणि मग ओढायला गेलात तर भिंतही सोबत येते. ज्याला आपण 'वातावरण' म्हणतो ना, ती चालू असलेली पडझड आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी कोयता घेतलेली चार माणसं पुरतील. पण सुंदर दिसणाऱ्या गोष्टीची तक्रार कोण करणार?

हे सगळं शेजाऱ्याला ऐकवलं. त्याने शांतपणे चहा संपवला आणि म्हणाला, "अरे, पण मुळ्या काढल्या तर फोटोत राहिलं काय?"